गार पाण्यातले हात

फार मागं, तेव्हा राज्य कुणाचं होतं हे सांगायलाही आता कुणी उरलेलं नाही अशा काळात, डोंगरावरच्या पठारावर वीस-बावीस घरांचं एक गाव होतं. पोरांनो, तुम्ही ऐका. आणि पोरांच्या मागं भिंतीला टेकून बसलेल्या मोठ्यांनो, तुम्हीही ऐका. तुम्हाला ही गोष्ट जास्त लागू आहे.

पठारावर थंडी कडक असायची. पौषात सकाळी गवतावर पांढरा थर दिसायचा आणि उघड्यावर पेरलेलं बी मातीत तसंच पडून राहायचं. थंडी सरायची वाट बघत बसावं, तर वांग्या-काकड्यांचा हंगाम पुरता हाती लागायच्या आत वरून पाऊस कोसळायचा. म्हणून तिथं ऐन पौषातच घरात, चुलीच्या उबेला, मातीच्या पसरट परळांत बी लावत. वांगी, मिरची, काकडी, दोडका, आणि परसाच्या कडेला लावायला झेंडू. रोपं बोटभर झाली की दिवसा उन्हात ठेवायची, संध्याकाळी आत घ्यायची आणि फाल्गुन लागला की घरोघरच्या परसात नेऊन लावायची.

या कामात दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. एक म्हणजे सगळ्या गावाचं बी एकाच माणसाच्या घरी राहायचं. आणि दुसरी, ते बी त्या वर्षी गावात लग्न होऊन आलेल्या सगळ्यात नव्या सुनेनं सगळ्या गावासाठी लावायचं. रोपं आली तर सून चांगल्या हाताची. नाही आली तर उष्ण हाताची. उष्ण हाताच्या बाईनं शिवलेलं बी मातीत करपतं, असं गावातली मोठी माणसं सांगायची. असं होताना त्यांच्यातल्या एकानंही कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांना त्यांच्या मोठ्या माणसांनी सांगितलं होतं, आणि तेवढ्यावर त्यांचं भागत होतं.

बी सांभाळणारे होते तात्या. वय सत्तरीच्या पुढं, दाढी पांढरी, आवाज खालचा. बांध कुणाचा, म्हैस कुणाची, सगळं तात्या सांगतील तसं. पारावर तात्या बसले की बाकीचे सरकून जागा द्यायचे. तात्यांनाही ती जागा फार आवडायची. इतकी, की त्या वर्षी पावसाच्या आधी घराची कौलं परतून घ्यायची होती, तेही राहून गेलं. आज एक तंटा, उद्या दुसरा.

बियांची गाडगी तात्यांच्या माळ्यावर होती. बी राखेत घोळवून आत भरायचं आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. श्रावणात बरोबर त्या गाडग्यांवर गळायला लागलं. लिंपण भिजलं, सुटलं, आतली राख चिखल झाली. तात्या माळ्यावर चढले ते भाद्रपदात. तोवर बियांना कुबट वास सुटला होता.

बाहेर ऊन नव्हतं. तात्या घाबरले. त्यांनी चूल पेटवली, तिच्यावर खापर ठेवलं आणि सगळं बी त्यावर ओतून परतायला घेतलं.

तुळईवर एक म्हातारा उंदीर बसला होता. त्याचा जन्म त्याच घरातला.

"मालक, पेरायला की खायला?" त्यानं विचारलं.

"वाळवतोय," तात्या म्हणाले.

"वास तर फुटाण्याचा येतोय."

"तू गप्प बस."

"मी गप्पच असतो. मी कुठं पारावर बसतो?"

बी वाळलं. कोरडं, चकचकीत, दिसायला पहिल्यापेक्षा देखणं. तात्यांनी ते नव्या राखेत घोळवलं, गाडगी लिंपली आणि जागच्या जागी ठेवून दिली. हे बी उगवणार नाही, हे त्यांना माहीत होतं. पन्नास वर्षं बी राखलेल्या माणसाला तेवढं कळतं. अजून तीन-चार महिने हातात होते. खालच्या दरीत गावं होती, तिथल्या बाया सुपलीभर बी सहज देतात. मागायला जायचं म्हणजे आपलं बी गेलं असं सांगायचं. तात्या सांगणं आजचं उद्यावर टाकत राहिले आणि पौष आला.

त्या वर्षीची नवी सून होती हौसा. दरीतल्या गावातली, दोन कोसांवरची. सतरा-अठराची असेल. लग्नाला अजून दोन महिने झाले नव्हते.

पौषातल्या पहिल्या रविवारी सगळं गाव हौसाच्या सासरी जमलं. तात्यांनी तिच्या पदरात बी घातलं. हौसानं मूठभर बी तळहातावर घेतलं, बोटानं फिरवलं आणि सरळपणे म्हणाली, "तात्या, आमच्याकडं आधी दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून चुलीपाशी ठेवतात. किती मोड येतात ते बघतात, मग लावतात. ठेवू का?"

 सासूनं तिला कोपरानं ढोसलं.

"तुमच्याकडं सासऱ्याच्या वयाच्या माणसानं दिलेलं तपासून घेतात वाटतं," पारावरचा एक जण म्हणाला, आणि बाकीचे हसले.

"तसं नाही. बी आहे म्हणून म्हटलं."

"बी तात्यांचं आहे, बाळे," दुसरा म्हणाला.

तात्यांनी तेव्हा फक्त 'ठेव' म्हणायचं होतं. चार दिवसांत दहा दाण्यांनीच सगळं सांगून टाकलं असतं. तात्या म्हणाले, "राहू दे. नवी आहे, शिकेल." लोकांना वाटलं, काय मोठं मन आहे.

हौसानं काम मात्र मन लावून केलं. माती तीनदा चाळली. जुनं शेणखत हातानं चुरून मिसळलं. परळांना तळाशी भोकं होती, त्यांवर खापराचे तुकडे ठेवले. बी नखभर खोल लावलं, वरून बारीक माती भुरभुरली, पाणी हातानं शिंपडलं. परळ चुलीच्या बाजूनं ओळीनं मांडले आणि रोज फिरवत राहिली, म्हणजे उबेचा सगळ्यांना सारखा वाटा मिळेल.

सहाव्या दिवशी काकडी दिसायला हवी होती. दिसली नाही. दहाव्या दिवशी झेंडूही नाही, दोडकाही नाही. शेजारच्या बाया विस्तव मागायच्या निमित्तानं यायच्या आणि परळांकडं बघून जायच्या.

"अजून झोपलीत वाटतं रोपं," एक म्हणायची.

"सूनबाईनं थोपटलं असेल चांगलं," दुसरी म्हणायची.

सासू परळांकडं बघायची आणि मग हौसाच्या हातांकडं बघायची. काही बोलायची नाही. त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

चौदाव्या दिवशी हौसानं काकडीचं एक बी उकरून काढलं आणि नखानं सोललं. आतून ते पांढरं नव्हतं, करडं होतं. तिनं अजून चार काढली. चारही तशीच. ती उठली, पारावर गेली आणि सगळ्यांसमोर तात्यांपुढं तळहात पसरला.

"तात्या, बघा ना. बी आतून करपलंय."

तात्यांनी बी हातात घेतलं. ते कशानं करपलं, हे त्या गावात एकट्या त्यांना ठाऊक होतं. पारावरचे सगळे त्यांच्याकडं बघत होते. तोपर्यंत तात्या नुसते गप्प राहिले होते. गप्प राहण्यात आपण काही केलं नाही, असं माणसाला वाटू तरी शकतं. त्या दिवशी ते बोलले.

"पोरी, तुझ्या हातात उष्णता आहे."

हौसा आपल्या हातांकडं बघत राहिली.

"यावर उपाय आहे," तात्या मायेनं म्हणाले. होय, मायेनंच. "रोज पहाटे उघड्यावरच्या गार पाण्यात हात मनगटापर्यंत धरून ठेव. सोसवेल तितका वेळ. उष्णता उतरेल."

पौषातलं पाणी होतं ते. अंगणातल्या घंगाळावर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरायचा. हौसा तो फोडायची आणि हात आत घालायची. सासू दारात उभी राहायची, लवकर बाहेर काढतेय का बघायला. चार-पाच दिवसांत बोटांना भेगा पडल्या, त्यांतून रक्त येऊ लागलं. तिनं कणीक मळायचं सोडलं. शेजारणीचं तान्हं उचलायचं सोडलं. कुणी समोर आलं की हात पदराखाली घ्यायची. तिचा नवरा हे सगळं बघत होता. तो वाईट नव्हता. तो काहीच नव्हता.

तात्या दुपारी माळ्यावर जाऊन बसायला लागले.

"काय मालक, आज पारावर नाही?" उंदरानं विचारलं.

"बरं वाटत नाही."

"मग सांगून टाका की. मोकळे व्हाल."

"आता कसं सांगू? लोक म्हणतील, तिनं बी दाखवलं तेव्हाच का नाही बोललात?"

"बरोबर म्हणतील."

"एवढ्या वर्षांचं नाव आहे माझं."

उंदीर मिशा पुसत म्हणाला, "आम्ही हे बी खायचंसुद्धा सोडलं, मालक. आम्ही उंदीर आहोत, आम्ही कातडं कुरतडतो. आमचीही काही पत आहे."

तात्यांनी त्याच्यावर पायतण फेकलं. ते लागलं नाही. उंदराला सांगण्यासारखं अजून बरंच होतं, पण तो निघून गेला. खरं ऐकून पायतण फेकणाऱ्यापुढं उंदीरही फार वेळ बसत नाही.

एकविसाव्या दिवशी गाव बसलं. परळ पालथे केले. मातीतून बी निघालं ते नासून गेलेलं. निकाल लागायला वेळ लागला नाही. उष्ण हाताची बाई, तिला माहेरी पोचवावी, पुढचं पुढं. कुणीतरी म्हणालं, "तात्या, तुम्ही सांगा." तात्या म्हणाले, "गाव म्हणेल तसं." म्हणजे एरवी तात्या म्हणतील तसं गाव, आणि त्या दिवशी मात्र गाव म्हणेल तसं तात्या.

हौसा रडली नाही. पायथ्यापर्यंत नवरा सोबत आला. तिथून ती एकटी चालत गेली.

गावानं दुसऱ्यांदा बी लावलं. तात्यांनी राखीव गाडगी उघडली. त्यांतलं बीही भाजलेलंच होतं. या वेळी हात हौसाच्या सासूचा. तिची रोपं तरुणपणी अख्ख्या पठारावर नावाजलेली होती. पंधरा दिवस गेले, काही उगवलं नाही. परळांत सुनेची उष्णता राहिली असेल, असं म्हणून परळही नवे आणले होते, तरी नाही. मग बाया विस्तव मागायला पुन्हा यायला लागल्या. आता सासूही आपले हात उलटेपालटे करून बघायला लागली. एका सकाळी तिनंही घंगाळात हात घातले आणि लगेच काढले. फार गार होतं ते.

माघ सरत आला. परसं रिकामी होती. रोपं मागायला खाली जाण्याशिवाय इलाज नव्हता. आणि दरीत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात तरतरीत रोपं कुणाच्या दारात आहेत, याची चौकशी केली तेव्हा नाव आलं हौसाच्या बापाचं.

पाच जण टोपल्या घेऊन निघाले. तात्या, पारावरचे तिघं आणि हौसाचा नवरा.

बापाच्या अंगणात परळच परळ होते. वांग्यांची जांभळट देठांची रोपं, काकडीची रुंद पानं, झेंडू. बाप पायरीवर बसला होता, उठला नाही.

"उष्ण हाताच्या दारात कसे काय आलात?" त्यानं विचारलं.

पारावरचा एक जण म्हणाला, "अहो, होतं असं एखाद्या वर्षी. वेळच खराब होती. रोपं मिळाली तर बघावं म्हटलं."

"लावली तिनंच आहेत. चालतील?"

 तेवढ्यात हौसा बाहेर आली. तात्यांना बघून तिनं डोक्यावरून पदर घेतला, आणि पुढं येऊन वाकून नमस्कार केला.

"तात्या, तुम्ही सांगितलंत ते खरं झालं," ती म्हणाली. "इथं आल्यावर मी बियाला हातच लावत नव्हते. आई म्हणायची, असलं काही नसतं. पण मी तुमचं सोडलं नाही. रोज पहाटे पाण्यात हात धरते. आठ दिवस धरले, मग बी लावलं. बघा, सगळं आलं. तुमच्यामुळं आलं."

आणि तिनं हात दाखवले. बोटं सुजलेली, भेगा उघड्या. दरीतल्या मऊ थंडीतही त्या भरून आल्या नव्हत्या, कारण रोज पहाटे ती त्या पुन्हा उकलत होती. त्या हातांनी ती तात्यांचे आभार मानत होती.

शिव्या दिल्या असत्या तर तात्या सोसून गेले असते. दगड मारला असता तरी. हे आभार मात्र त्यांना सोसवले नाहीत. ते अंगणात खाली बसले. मातीत, सगळ्यांच्या पायांशी.

"हात चांगलेच होते तुझे," ते म्हणाले. "बी मी भाजलं होतं. माळा गळला, बी भिजलं, मी ते खापरावर भाजलं. तू तळहातावर दाखवलंस तेव्हाही मला माहीत होतं. पाण्याचं मी बनवून सांगितलं."

 हौसानं बोटं मिटली, पुन्हा उघडली.

"म्हणजे पाणी उगाचच," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी घरात आईलाही सांगत होते, तू पण धर म्हणून."

 हौसा नवऱ्याकडं वळली. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

"मला वाटलं," तो म्हणाला, "मोठी माणसं म्हणतात, म्हणजे असेल."

हौसानं मान हलवली. मग ती बापाला म्हणाली, "द्या त्यांना रोपं. वाढलीत, आता परळांत मावायची नाहीत. पण मी जायची नाही." आणि आत गेली. थोड्या वेळानं आतून चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. आई तेल कोमट करत होती.

आता पोरांनो, तुम्हाला वाटेल गोष्ट इथं संपली. नाही. सगळ्यात लाजिरवाणा भाग पुढंच आहे.

गावात परत आल्यावर तात्या पारावर गेले. बसले नाहीत, उभे राहिले. सगळं सांगितलं, कौलांपासून पाण्यापर्यंत, काही न गाळता. आणि आता लोक काय बोलतील याची वाट बघू लागले.

"अहो, वय झालं आता तुमचं," एक जण म्हणाला.

"माणूस आहे, चुकतो," दुसरा म्हणाला.

"एवढं कबूल करायलाही मोठं मन लागतं," तिसरा म्हणाला, आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या.

हौसाची सासू बाजूला उभी होती. "झालं ते झालं," ती म्हणाली. "आता माणूस पाठवा आणि आणा तिला परत. कामं पडलीत घरात."

"आणि पुढच्या वर्षीचं बी तुम्हीच राखायचं, तात्या. तुमच्याशिवाय आहे कोण?" पहिला म्हणाला, आणि सरकून त्यांना जागा करून दिली.

तात्या त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले. "त्या पोरीला तुम्ही एकवीस दिवस बोलत होतात," ते म्हणाले. "मला एकवीस शब्दही नाहीत?"

लोक हसले. तात्या किती साधे आहेत, असं त्यांना वाटलं. आणि मग ते टोपल्यांभोवती जमले, कारण रोपं सुकत होती आणि आपल्या वाट्याला जाडजूड देठाची यावीत असं प्रत्येकाला वाटत होतं.

हौसा आली नाही. माणूस दोनदा पाठवला, दोनदा रिकामा आला. दरीत मात्र सगळी हकीकत गावोगाव पोचली. त्यानंतर अकरा वर्षं पठारावरच्या त्या गावाला कुणी मुलगी दिली नाही. पौष यायचा, चुली पेटायच्या, परळ मांडले जायचे, आणि बी लावायला नवी सून नसायची. पारावरची माणसं म्हणायची, हल्लीच्या मुलींच्या बापांना फार माज आलाय. तात्या पुन्हा पारावर गेले नाहीत. लोक म्हणायचे, तात्यांची तब्येत बरी नसते. ते घरी बसायचे, तोंड झाकून, आणि त्यांना लाज कशाची वाटते हे विचारायला एकही माणूस आला नाही.

बोध एवढाच: मोठ्याची चूक लहानाच्या हातावर ठेवून जे गाव गप्प बसतं, त्या गावात मोठं म्हणावं असं कुणीच उरत नाही.